शेवटचं मेंढरू

मर्व्ह टॉनकिनच्या तोंडी कुठल्याही प्रसंगाला म्हण तयार असे. लोकर कातरायच्या शेडमध्ये सगळे खिदळायचे. "आळशाची कात्री कायम बोथट," हे त्याचंच. "फाटक शेवटच्या मेंढराच्या शेपटीमागे लावायचं, पहिल्याच्या नाकावर नाही," हेही त्याचंच.

आज त्याच्या पोराला, डॅरलला, मूठमाती देऊन सगळे गावच्या हॉलमध्ये चहाला जमले होते. पूर ओसरल्यावर तो कुंपणाच्या तारेत अडकलेला सापडला होता.

पुरात डॅरलबरोबर मेंढरं बाहेर काढणारा नेव्हिल पुढे आला. "काका, मी ओरडलो, एकच मेंढरू उरलंय, मरू दे, चल! तर हसून म्हणतो कसा, 'बापाची म्हण विसरलास? फाटक शेवटच्या शेपटीमागे!' आणि वळला की पाण्यात. शेवटपर्यंत तुमचाच पोरगा शोभला."

मर्व्ह आता काहीतरी बोलेल, म्हणून सगळे त्याच्याकडे बघू लागले. त्याने हातातली कपबशी टेबलावर ठेवली.

"अरे, ती मी तुम्हाला हसवायला म्हणायचो रे," तो म्हणाला. "मी स्वतः तर पहिलं मेंढरू आत शिरलं, की बिअर प्यायला सटकायचो. फाटक रोज डॅरलच लावायचा."