पोपटी बांगड्यांतला कैलास

चाकूरच्या त्या गल्लीत सकाळी नऊलाच पाय ठेवायला जागा नव्हती. ओसरीवर मोठा टीव्ही आणि त्याच्यासमोर मांडी घालून बसलेली दीडशे माणसं. आतल्या खोलीतून मृत्युंजयअप्पांचं थेट प्रक्षेपण चालू होतं. एकेक बाई आत जायची, कोपरापर्यंत पोपटी बांगड्या भरलेला हात वर करायची, आणि टीव्हीवर तो हात मधूनच नाहीसा व्हायचा. पंजा वेगळा, कोपर वेगळं आणि मधल्या जागेत बर्फाचा कैलास. लोक हात जोडत होते, एक गृहस्थ तर चक्क रडत होता. मलाही रडू येत होतं, कारण आत अप्पांच्या मागचा पडदा मीच ठोकून दिला होता.

मी दिपाली. नांदेडला राहते आणि ज्यांना घरबसल्या जगाला शहाणं करायचंय, त्यांना घरातच स्टुडिओ उभारून देते. दिवे, माइक, कॅमेरा, मागे पोपटी कापड. हल्ली दर चौथ्या घरात एक विश्लेषक निघतो, त्यामुळे माझं बरं चाललंय. मृत्युंजयअप्पाही आधी विश्लेषकच होते. सोयाबीनचे भाव आणि दिल्लीचं राजकारण यांवर रोज दीड तास बोलायचे. ऐकणारे नऊ, त्यातले चार घरचेच. श्रावणात त्यांनी आपल्यामागे संगणकातून कैलासाचं चित्र लावलं, आणि नेमकी त्यांची बायको मंजुश्री चहा द्यायला मध्ये आली. सणासाठी तिने नुकत्याच पोपटी बांगड्या भरल्या होत्या. चॅनेलवर कुणीतरी लिहिलं, 'वहिनींच्या हातात कैलास प्रकटला.' नऊचे नव्वद हजार झाले. सोयाबीनला त्या दिवसापासून कुणी वाली उरला नाही.

मग नियम आले. दारातच कासार बसला. त्याच्याकडून प्रसादाच्या पोपटी बांगड्या भरायच्या. हातात कैलास दिसला की आजार कैलासाला गेला, औषध बंद. विधवांना बांगड्या नाहीत, म्हणून दर्शनही नाही.

"उघड्या डोळ्याला न्हाई दिसत," अप्पा माइकवर सांगत होते, "कॅमेऱ्याला दिव्यदृष्टी हाय. डॉक्टर रक्त तपासतो, आपण डायरेक्ट कर्म तपासतो. त्येला उपाशीपोटी यायची बी गरज न्हाई."

मला त्यांनी बोलावलं होतं ते दुरुस्तीला. दोन दर्शनांच्या मध्ये माइक झाकून ते हळूच म्हणाले, "दिपालीताई, कैलास कडंला फाटून राहिलाय. हिरवं जरा साफ पुसता येतं का?"

"म्हणजे तुम्हाला सगळं माहीत हाय."

"म्या कुठं काय म्हणलो? लोकच म्हणून राहिले. त्यांची श्रद्धा मोडणारा मी कोण?"

तेवढ्यात पुढची बाई आत आली आणि माझ्या हातातली वायर तशीच राहिली. त्या जगदेवीकाकू होत्या, माझ्या नांदेडच्या घरमालकीण. मला ताप आला की उशाशी बसून पेज पाजणाऱ्या. डाव्या पायाला फडकं गुंडाळलं होतं आणि त्याला वास येत होता.

"काकू, साखरेचं इंजेक्शन?"

"सोडलं की. नऊ दिवस झाले. पहिल्याच खेपेला कैलास दिसला बघ."

"अन् पाय?"

"लई आग व्हायची, ती बी गेली. आता तर काहीच कळत न्हाई."

पायाला काही कळत नाही, हे त्या आनंदाने सांगत होत्या. मी घाबरले. अप्पांना समजावत बसायला वेळ नव्हता. तशीच मागे मोरीत गेले, पोपटी प्लास्टिकचा मगा उचलला आणि चालू कॅमेऱ्यासमोर धरला.

टीव्हीवर मगा नव्हताच. माझ्या मुठीच्या वर कैलास होता.

दाराबाहेर थांबवलेली कोंडाबाई नावाची म्हातारी सरळ आत आली. "मला रांडमुंडीला न्हाई म्हणलास अप्पा, अन् मोरीतल्या मग्याला दर्शन देऊन राहिलास?"

अप्पा डगमगले नाहीत. "आजी, देव चराचरात हाय. मग्यात बी हाय."

आणि खरं सांगते, ओसरीवरच्या निम्म्या माना डोलल्या. माझं डोकं फिरलं. मी संगणकातला कैलास काढला, माझ्या मोबाइलमधला चाकूरच्या बसस्थानकाचा फोटो त्या जागी टाकला आणि काकूंना हात वर करायला सांगितलं. काकूंच्या मनगटात नांदेडची लाल गाडी उभी राहिली.

आता मात्र लोक हसायला लागले. मी माइक घेतला.

"यात दिव्य काही न्हाई. जिथं पोपटी रंग दिसेल तिथं हे चित्र लाव, असं संगणकाला सांगून ठेवलंय. मागचं कापड पोपटी, बांगड्या पोपटी, मगा पोपटी. त्याला माणूस कळत न्हाई, आजार तर न्हाईच न्हाई. मला पडद्यावरून रंग पुसता येतो. रक्तातली साखर पुसता येत न्हाई, अन् अप्पांना बी येत न्हाई."

काकूंनी संगणकाच्या पडद्यावर आपल्या मनगटातली गाडी पाहिली आणि म्हणाल्या, "पोरी, मला दवाखान्यात ने."

नांदेडला पोचलो तेव्हा साखर चारशेच्या वर होती. डॉक्टरांनी पायाची दोन बोटं काढली. आणखी चार दिवस गेले असते तर घोट्यापासून पाय काढावा लागला असता, म्हणाले. आग थांबली होती, कारण पायाची जाणीवच मेली होती. अप्पा सध्या 'आपल्याविरुद्धचा कट' या विषयावर रोज दीड तास विश्लेषण करतात, आणि ऐकणारे नऊपेक्षा पुष्कळ जास्त आहेत. तो स्टुडिओ मीच उभारून दिलाय, त्याची मला लाज वाटते.

तुम्ही देव माना, नका मानू, तो तुमचा प्रश्न. पण कुणी औषध सोडायला सांगितलं, तर त्याला एवढंच म्हणा: कॅमेरा बंद कर, पडदा काढ, आणि मग दाखव. त्याने टाळाटाळ सुरू केली की तिथून उठा आणि चालू लागा, पाय शाबूत आहेत तोवर.