प्रेताची पापणी

माझे बाबा एकतीस सिनेमांत मेले. त्यातल्या तीस सिनेमांत ते व्यवस्थित मेले. एकतिसाव्यात त्यांची पापणी लवली.

या गोष्टीला बेचाळीस वर्षं झाली. रंगीत फिल्म परवडत नाही म्हणून काळे-पांढरे भयपट काढणारी एक कंपनी होती, तिच्यात बाबा पगारी प्रेत होते. हे काम कुणालाही जमेल असं वाटतं. नाही जमत. किंचाळायला घसा लागतो, पण मरायला अक्कल लागते, असं बाबा म्हणत. श्वास छातीने न घेता पोटाने घ्यायचा आणि पोटावर कोट येईल असं पडायचं. डोळे उघडे असतील तर कशाकडेच बघायचं नाही, दिव्याच्या पलीकडे नजर टाकून सोडून द्यायची. आणि मनात एकोणतिसाचा पाढा म्हणायचा, कारण त्याच्याइतकं निर्जीव जगात दुसरं काही नाही.

त्या दिवशी बाबा जमीनदाराचं प्रेत होते. खोलीत फक्त भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक. नायिका मेणबत्ती घेऊन वाकली, कॅमेरा बाबांच्या चेहऱ्यावर आला, आणि एकोणतीस सक एकशे चौऱ्याहत्तरला पापणी लवली. दिग्दर्शकाने कपाळावर हात मारला. पुन्हा घ्यायला फिल्म उरली नव्हती आणि नायिकेला पाचची गाडी होती. पापणी तशीच सिनेमात गेली. बाबांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी मरणं सोडलं, पोस्टात चिकटले आणि तिथून रिटायर झाले. त्यानंतर थिएटरची पायरी म्हणून चढले नाहीत.

मी थिएटरात मशीन चालवते. यावरून घरात काय काय ऐकावं लागलं असेल, ते समजून घ्या.

आमच्या मालकीणबाईंना गोदामात जुन्या भयपटांच्या पेट्या सापडल्या. दर रविवारी दुपारी एक लावायचा, असं ठरलं. तिसऱ्या रविवारी नेमका तोच निघाला.

"बाबा, चला ना. मालकीणबाई म्हणतायत, पाहुणे म्हणून या."

"सगळ्या गावासमोर माझी फजिती बघायला?"

"अहो, इतक्या वर्षांनी कोण बघतंय पापणी!" आई म्हणाली.

"तू तर बोलूच नकोस. पावडर कुणाची होती?"

आई त्या कंपनीत मेकअपला होती. प्रेताचा पांढरेपणा तिच्याकडे. त्या दिवशी हात जरा सढळ पडला आणि पावडर डोळ्यात गेली, असं बाबांचं म्हणणं. आईचं म्हणणं, पावडर एकतीस जणांना लावली, लवली एकाचीच. ते एकतीस जण म्हणजे बाबाच, हे सांगून उपयोग नसतो. या मुद्द्यावर त्यांचा संसार उभा आहे.

बाबा माझ्याकडे न बघता म्हणाले, "तेवढी पापणी काढता येते का गं?"

त्यांचा आवाज ऐकून मी थट्टा गिळली. माणूस बेचाळीस वर्षं थिएटरबाहेर उभा होता आणि आत यायला मध्ये फक्त एक पापणी होती.

शनिवारी मी रीळ काढलं. पापणी मोजून फिल्मच्या नऊ चौकटींची निघाली. त्या कापल्या, दोन टोकं चिकटपट्टीने जोडली, आणि कापलेला तुकडा आईच्या रिकाम्या पावडरच्या डबीत ठेवला. प्रेत शंभर टक्के मेलं.

रविवारी बाबा आले. टोपी कानापर्यंत ओढून, शेवटच्या रांगेत, दाराशेजारी. बाजूला आई. एरवी या खेळाला अकरा माणसं असतात, त्यातला एक झोपायलाच येतो. त्या दिवशी त्रेचाळीस जास्तीची आली. सगळ्यांच्या छातीवर बिल्ला: एक डोळा उघडा, एक मिटलेला. मला वाटलं, मोतीबिंदूचं शिबिर असेल.

सिनेमा सुरू झाल्यावर त्यांचे अध्यक्ष वर मशीनच्या खोलीत आले. पेशाने दातांचे डॉक्टर.

"ताई, पुढच्या सीनला फोकस तेवढा सांभाळा हं. आम्ही चारशे किलोमीटरवरून आलोय. पापणीसाठी."

"कुठली पापणी?"

"म्हणजे काय! जगातलं एकमेव प्रेत, जे पापणी लववतं. आमच्या मंडळात दोन पक्ष आहेत. जिवंतवाले म्हणतात, जमीनदार मेलाच नाही, सोंग घेतलंय. मेलेवाले म्हणतात, मेलाय, म्हणूनच तर भीती. एका रांगेत बसत नाहीत हो. मागच्या वर्षी एक लग्न मोडलं."

"किती वेळ आहे त्या सीनला?"

"दोन मिनिटं," डॉक्टर आनंदाने म्हणाले आणि खाली पळाले.

दोन मिनिटांत चालत्या मशीनमधलं रीळ कुणाला जोडता येत नाही. मी खिडकीतून बघत राहिले. पडद्यावर बाबा आले. पंचविशीतले, पांढरेफटक, काय सुंदर मेलेले! मेणबत्ती जवळ आली. त्रेचाळीस माणसं खुर्चीत पुढे सरकली. घड्याळ टिकटिकलं, एक टिक गिळून पुढे गेलं, आणि पापणी काही लवली नाही.

"पापणी कुठाय?" कुणीतरी ओरडलं.

"पैसे परत द्या!" हा झोपायला येणारा. त्याला काही माहीत नव्हतं.

सगळ्यात जास्त मेलेवाले चिडले. "लवूनसुद्धा तो मेलेला आहे, असं आमचं म्हणणं आहे! न लवता कुणीही मरेल!" इतिहासात पहिल्यांदा दोन्ही पक्ष एका रांगेत उभे राहिले.

मी मशीन बंद करून दिवे लावले आणि डबी घेऊन खाली गेले. "मी कापली," म्हटलं. "हे बघा, सगळी आहे, नऊच्या नऊ."

"पण का?"

मी मागे बघितलं. बाबा उभे राहिले होते. एक हात दारावर. मला वाटलं, आता हे जाणार आणि परत कधी येणार नाहीत.

"तुम्ही," बाबांनी विचारलं, "त्या चुकीसाठी आलात?"

"चूक कसली, काका?" बिल्लावाल्यांतली एक बस-ड्रायव्हर बाई म्हणाली. "मी सात वर्षांची होते. भीतीने माझे हातपाय गार पडले होते. तेवढ्यात प्रेताची पापणी लवली. तेव्हा कळलं, हा माणूस थोड्या वेळाने उठून घरी जाणार आहे. त्यानंतर मी एक भयपट सोडला नाही. भीती वाटते, पण मजेत वाटते."

बाबांनी टोपी काढली. चेहरा तोच होता, फक्त बेचाळीस वर्षं जास्त. डॉक्टरांच्या हातून बॅटरी पडली.

"पावडर गेली होती डोळ्यात," बाबा म्हणाले.

दोन्ही पक्षांचे सिद्धांत एका वाक्यात संपले. कुणालाच वाईट वाटलेलं दिसलं नाही. डॉक्टरांनी ते लिहून घेतलं.

"पावडर माझी होती," आई उभी राहून म्हणाली. बेचाळीस वर्षांत पहिल्यांदा. "जरा जास्तच झाली होती."

बाबा दाराशेजारचं तिकिटांचं टेबल ओढत पडद्यापाशी गेले आणि त्यावर आडवे झाले. कोट पोटावर. आईने पर्समधली पावडर लावली, या वेळी बेताने. बाबांनी डोळे उघडे ठेवले आणि मेले.

एक मिनिट. पोट हललं नाही. दोन मिनिटं.

"डॉक्टरला बोलवा," कुणीतरी कुजबुजलं.

"मी आहे ना," डॉक्टर म्हणाले.

"दातांचा नको हो!"

बाबा सदुसष्ट वर्षांचे आहेत. तिसऱ्या मिनिटाला मी डबी घट्ट धरून मनात पाढा सुरू केला. एकोणतीस आठे दोनशे बत्तीस. एकोणतीस नव्वे दोनशे एकसष्ट. एकोणतीस दाहे दोनशे नव्वद.

पापणी लवली. पाढा पूर्ण करून, सावकाश, मुद्दाम.

टाळ्या थांबेचनात. बाबा टेबलावरून म्हणाले, "पुन्हा घ्यायची का? ही जरा उशिरा आली."

आई पुन्हा पावडर घेऊन वाकली. मी वर गेले, नऊ चौकटी जोडायला.