कडीचा आवाज

मित्रांनो, दचकू नका. बंद खणातून बोलतोय तो मीच, एक जुना टेपरेकॉर्डर. कारखान्यात माझी जुळणी झाली, तेव्हा मी गाणी वाजवायची स्वप्नं पाहत होतो. नशिबी आलं माणसांचं दुःख ऐकणं. मानसशास्त्र शिकणाऱ्या एका मुलीने मला विकत घेतलं. मूल गमावलेल्या आयांशी बोलून ती प्रबंध लिहीत होती.

एका संध्याकाळी तिने एका आईला विचारलं, "मुलाची आठवण येते?"

"आता सावरले मी," आई म्हणाली. मग बराच वेळ कुणीच बोललं नाही.

टेपवरचं बोलणं उतरवून घेताना मुलीने ती शांतता सरळ पुढे पळवली आणि लिहिलं, 'आईने दुःख स्वीकारलं आहे.' तिचा स्वतःचा भाऊ नुकताच गेला होता. माणूस सावरतं, हे तिला कुणाच्या तरी तोंडून ऐकायचंच होतं. माझा जीव तुटत होता, पण बटण दाबल्याशिवाय मला तोंड कुठलं?

तिचे सर मात्र भलतेच काटेकोर. "हे त्या आईंना वाचून दाखवलंस का? नसशील, तर ही तुझी गोष्ट झाली, त्यांची नाही."

ती कुरकुरत गेली. आईने सगळं ऐकून घेतलं. "शब्द माझेच आहेत गं. पण ही बाई मी नव्हे. ती टेप लाव बघू."

या वेळी मुलीने मला पळवलं नाही. शांततेत पावलं वाजली, मग दाराची कडी निघाल्याचा आवाज आला.

"या वेळेला तो खेळून यायचा," आई म्हणाली. "मी रोज कडी काढून ठेवते. सावरले असं सगळ्यांना सांगते, नाहीतर लोक यायचे बंद होतात."

मुलगी तिथेच रडली. आपल्या घरीही भावाची चप्पल अजून दाराशीच आहे, हे तिने पहिल्यांदा कुणाला तरी सांगितलं. मग तिने निष्कर्ष खोडला आणि स्वतःची चूकही प्रबंधात लिहिली. सरांनी तिची पाठ थोपटली, तिने माझी.

काम संपल्यावर टेप पुसायची, असं आईशी ठरलं होतं. "पुसून टाक सगळं," आई म्हणाली, "कडी तेवढी राहू दे."

पुढे आवाज टिपणारे मोबाइल फोन आले आणि मी या खणात आलो. माझ्यात सेल नाहीत. तरी संध्याकाळ झाली की माझ्या पोटात कडी वाजते.

मित्रांनो, कधी मला बाहेर काढलंत, तर धूळ झटका, सेल घाला. पण कडी वाजली की लगेच मला बंद करू नका. दार उघडं आहे. कुणी येतंय का, ते थोडा वेळ माझ्यासोबत ऐका.