उघडं रान

ताईच्या शेताला सगळे हसायचे. पीक काढलं की धसकटं ती तशीच उभी ठेवायची. नांगर लावायची नाही. पेरताना रेघ ओढावी तेवढीच जमीन उकरायची. शेजारचं रान तिच्या धाकट्या भावाचं. अंगानं दांडगा, म्हणून त्याला सगळे पैलवान म्हणत. त्यानं यंदाही धसकटं जाळली, उभं-आडवं नांगरलं, ढेकळं फोडून माती पिठासारखी केली आणि पावसाची वाट बघत बसला.

"ताई, तुझं रान म्हणजे न विंचरलेलं डोकं."

"असू दे. उन्हात टक्कल तर पोळत नाही."

पाऊस काही आला नाही. वारा आला.

भरदुपारी अंगणातल्या कोंबड्या आपणहून खुराड्यात शिरल्या. उजेड पिवळट झाला. ताईनं भांडी घासता घासता मान वर केली, तर पश्चिमेकडून तपकिरी भिंत चालत येत होती. आवाज नाही की काही नाही. तेवढ्यात भावजय धावत आली.

"वन्सं, हे ट्रॅक्टर आणायला रानात गेलेत."

ताईनं ओलं फडकं तोंडाला बांधलं आणि निघाली. रस्ता दिसेनासा झाला होता. ती स्वतःच्या शेतातून गेली. तिथं धसकटं पायाला टोचत होती, त्यामुळे ओळ चुकत नव्हती. बांध ओलांडला आणि पाय घोट्यापर्यंत रुतला. पायाखालची माती सरकत होती. हाक मारायला तोंड उघडलं की घशात धूळ. मग कुठूनतरी हॉर्न ऐकू आला. ती त्या रोखानं गेली.

पैलवान स्टिअरिंगवर डोकं टेकून बसला होता, तळहात हॉर्नवर.

"ताई, मला दिसत नाही गं."

"डोळे चोळू नकोस. हात धर माझा."

एवढा थोरला गडी लहान पोरासारखा तिच्यामागून आला.

संध्याकाळी वारा पडला. पैलवानाच्या रानात भुसभुशीत माती उरलीच नव्हती. वर आली होती ती फाळानं वर्षानुवर्षं दाबलेली कडक, गुळगुळीत जमीन. उडालेली बरीच माती ताईच्या धसकटांत अडकली होती.

"निदान घरातल्या घरात तरी राहिली," भावजय म्हणाली.

ताई हसली नाही. धसकटांचे शेंडे जेमतेम बोटभर वर दिसत होते. असाच आणखी एक वारा आला की तेही बुजणार. मग दोन्ही रानं सारखीच उघडी.

पैलवानानं सुजल्या डोळ्यांनी गंजीकडे पाहिलं. "गंजीतलं काड या मातीवर पसरू या? उडायची तरी नाही."

"आणि गुरं काय खातील?"

"ते मी बघतो. तू सांग, कुठून सुरुवात करू?"

तिघांनी गंजी मोडली. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत जेमतेम अर्धं रान झाकून झालं, आणि भावजयीच्या हातातली पेंढी आपोआप हलली. तिघांनीही पश्चिमेकडे पाहिलं. ताई वाकली आणि पसरलेल्या काडावर भराभर दगड ठेवू लागली.