खिडकीतून दिसणारं घर

तितिकाका सरोवरावरच्या त्या वस्तीला जमीन नव्हती. लव्हाळ्यांवर लव्हाळी अंथरून बेटं केलेली, आणि ती दोरांनी निलगिरीच्या खुंटांना बांधलेली. निकोलासाआजीच्या बेटावर दोन झोपड्या होत्या; एक तिची, एक दिराची.

सकाळी धुकं उतरलं की पाणी कुठं संपतं नि आभाळ कुठं लागतं ते कळायचं नाही. धुक्यातून शाळेची घंटा आली की तिची नात इल्दा पोट धरून निजायची. तीन आठवडे हेच चाललं होतं. मास्तरांचा निरोप आला होता, आणखी आठवडाभर आली नाही तर वर्ष वाया जाईल. आजीने नवा लाल घागरा कबूल केला, दम दिला, शेजारच्या पोरीचे गोडवे गायले. इल्दा ढिम्म.

मग एका सकाळी आजी नुसतीच लव्हाळी सोलत तिच्याजवळ बसली.

"मास्तर मारतात का गं?"

"नाही."

"मग?"

"मी शाळेत गेले की तू वाहून जाशील."

आजीचे हात थांबले. मागच्या महिन्यात वाऱ्याने दोर तुटून बेट लांब सरकलं होतं. इल्दा शाळेतून होडी वल्हवत परतली, तर घराच्या जागी नुसतं पाणी. अंधार पडेस्तोवर पोर शोधत फिरली. बेटं सरकायचीच, म्हणून कुणाला त्याचं काही वाटलं नाही. घर पळालं तुझं, म्हणून आजी उलट हसली होती.

त्याच दुपारी तिने बेट कापायची मोठी करवत काढली.

"पोरीच्या शाळेपायी कुणी घर कापतं का, वहिनी?" दीर म्हणाला.

"घर कुठलं, भाऊजी. तुमचं घोरणं तोडतेय."

पण करवतीचं दुसरं टोक त्यानेच धरलं. दोन होड्यांनी आजीच्या झोपडीसकट बेटाचा तुकडा ओढत नेला आणि शाळेच्या खिडकीसमोर चार खुंटांना बांधला.

दुसऱ्या दिवशी इल्दा वर्गात बसली. दर ओळीला ती खिडकीतून बघायची, आजी आपण आहोत हे दाखवायला डोक्यावरची टोपी उंच करायची. आजीचा दिवस त्यातच जायचा, साफ करायचे मासे तसेच पडून राहायचे.

पाचव्या दिवशी आजीने टोपी उंच केली, तर खिडकी रिकामी. आतून इल्दाचा आवाज येत होता. ती वाचत होती. अडखळली, थांबली, पुन्हा पुढे गेली.

आजी टोपी तशीच धरून बराच वेळ उभी राहिली. पायाखाली बेट हलकंसं डुलत होतं. मग टोपी डोक्यावर ठेवून ती मासे साफ करायला बसली.