रिळांच्या दुकानातला रॅक

मी एक जुना लोखंडी रॅक आहे. उंची साडेपाच फूट, फळ्या पाच, आणि डावा पाय जरासा आखूड, म्हणून त्याच्याखाली पुठ्ठ्याची घडी घातलेली आहे. मित्रांनो, रॅकला सांगण्यासारखं असून असून काय असणार, असं तुम्हाला वाटेल. वाटू द्या. मी आजवर साबणाच्या पेट्या पेलल्या, रंगाचे डबे पेलले, एकदा तर फळीवर चढून बल्ब बदलणारा माणूसही पेलला. पण ही गोष्ट मला एकट्याला पेलवत नाही, म्हणून सांगतो.

माझा जन्म पत्र्याच्या कारखान्यात झाला. मला कापलं, वाकवलं, भोकं पाडली, राखाडी रंग फासला आणि पाठवून दिलं. मला वाटलं होतं, एखाद्या झगमगीत दुकानात आपली वर्णी लागेल. नेलं कुठे, तर एका कम्युनिटी कॉलेजात! दुसऱ्या मजल्यावर बिझनेस आणि रिटेल मॅनेजमेंटचा वर्ग भरायचा, आणि त्या वर्गाच्या कोपऱ्यात सरावासाठी एक खोटं दुकान मांडलेलं होतं. काउंटर खरा, पाटी खरी, मी खरा, पण माल सगळा खोटा. बिस्किटांची खोकी रिकामी आणि शाम्पूच्या बाटल्यांत नळाचं पाणी. सुरुवातीला मला फार अपमान वाटला.

पण हळूहळू मला ती माणसं आवडायला लागली. कुणी शाळा अर्धवट सोडलेलं होतं. कुणी मुलं मोठी झाल्यावर पुन्हा वह्या घेऊन बसलेली आई होती. एक जण पहाटेपासून पेट्रोल पंपावर उभा राहायचा आणि दुपारी वर्गात माझ्या आडोशाला बसून बिनधास्त डुलक्या काढायचा. त्यांच्या मॅडमनी मोठमोठ्या दुकानांत अर्धं आयुष्य घालवलेलं होतं. त्यांचं एकच पालुपद असायचं, "गिऱ्हाइकाच्या पायाने चाला!" मग त्या एकेकाला खोट्या दुकानातून चालायला लावायच्या. आज तू म्हातारी बाई हो. आज तुझ्या कडेवर मूल आहे. आज तू घाईत आहेस. आता सांग, तुला वस्तू सापडली का? नाही सापडली तर सगळं हलवा, पुन्हा मांडा. दिवसातून चार चारदा माझ्या फळ्या रिकाम्या व्हायच्या आणि भरायच्या.

त्या वर्गात एक मुलगी होती. सगळे तिला 'मोजपट्टी' म्हणायचे, कारण तिच्या खिशात कायम शिवणाची मोजपट्टी असायची आणि ती दिसेल ते मोजायची. मला तर तिने पहिल्याच दिवशी मोजलं आणि पायाखालचा पुठ्ठाही तिनेच घातला. घरात ती आणि तिचे बाबा, दोघंच. आई ती लहान असतानाच गेलेली. बाबांचं दोऱ्यांचं दुकान होतं. रिळं, बटणं, सुया, चेन, लेस, सगळं शिवणाचं सामान. पण रस्त्यापलीकडे काचेचं मोठं दुकान उघडलं आणि बाबांकडचं गिऱ्हाईक रोडावत चाललं. आपण शिकायचं आणि बाबांचं दुकान वाचवायचं, एवढं एकच वेड घेऊन ही पोर कॉलेजात आली होती.

बाबांबद्दल किती बोलायची! मैत्रिणींना म्हणायची, "आमचे बाबा वर न बघता रीळ काढतात. दोनशे खण आहेत भिंतीत, पण हात गेला की नेमका त्याच रंगावर." सगळ्या म्हणायच्या, वा, अनुभव म्हणतात तो हा! कधी ती कुरकुरायची, "हल्ली आळशी झालेत. साधं पत्र आलं तरी मला वाचायला लावतात. म्हणे चष्मा सापडत नाही. टीव्ही लावतात आणि बघायचं सोडून नुसता ऐकत बसतात." सगळ्या हसायच्या. मीही ऐकत होतो. आम्हा कुणाच्याच डोक्यात प्रकाश पडला नाही.

दुसऱ्या वर्षाच्या शेवटी परीक्षेऐवजी प्रकल्प होता. एक खरं दुकान घ्यायचं, त्याची मांडणी सुधारायची, आधीचे आणि नंतरचे फोटो जोडायचे. मोजपट्टीने अर्थातच बाबांचं दुकान धरलं. पण बाबांनी साफ नाही म्हटलं. ती रडकुंडीला येऊन मॅडमना सांगत होती, "म्हणतात, दुकानातल्या एका सुईलाही हात लावायचा नाही. का म्हणून विचारलं तर म्हणाले, सांगितलं ना एकदा. एवढे हट्टी कधी नव्हते हो!"

मॅडम म्हणाल्या, "जुने दुकानदार असेच असतात. एकदा करून दाखव. बघितल्यावर पटतं."

त्याच सुमारास कॉलेजात नवे पांढरे रॅक आले आणि मला भंगारात काढायचं ठरलं. मोजपट्टीने मला मागून घेतलं. मित्रांनो, मला केवढा आनंद झाला म्हणून सांगू! शेवटी खरं दुकान. खरा माल.

बाबांना दोन दिवस आत्याकडे जायचं होतं. आत्याचा मुलगा गाडी घेऊन न्यायला आला. गाडी वळली तोच ही आणि तिच्या दोन मैत्रिणी कामाला लागल्या. दारासमोरचा लांब काउंटर त्यांनी भिंतीकडे सारला आणि मला दुकानाच्या मधोमध उभं केलं, म्हणजे गिऱ्हाईक चहू बाजूंनी फिरून स्वतः माल बघेल. भिंतीतली सगळी रिळं काढली. आता लाल शेजारी केशरी, केशरी शेजारी पिवळं, अशी ओळीने लावली. बटणं डब्यांतून काचेच्या बरण्यांत आली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दिवे लागले तेव्हा ती भिंत इतकी देखणी दिसत होती की माझीही छाती फुगली. मोजपट्टी म्हणाली, "बाबा बघतच राहतील."

तिसऱ्या दिवशी सकाळी बाबा आले. उंच, किडकिडीत माणूस, शर्टाचं वरचं बटणसुद्धा लावलेलं. तिने त्यांना दारातच थांबवलं आणि म्हणाली, "बाबा, डोळे मिटा!"

त्यांनी मिटले. हात धरून तिने त्यांना उंबऱ्याच्या आत आणलं. "आता उघडा."

त्यांनी उघडले. मी त्यांच्या अगदी समोर होतो. पण त्यांची नजर माझ्यावर नव्हती, भिंतीवर नव्हती, कशावरच नव्हती. ते नाकाने वास घेत होते आणि मान थोडी कलती करून ऐकत होते. पोर जीव मुठीत धरून उभी होती.

"कसं वाटतंय?"

"छान," बाबा म्हणाले. "छान केलंस, पोरी. फार छान."

आणि ते आपल्या रोजच्या जागेकडे निघाले. चार पावलं सरळ, मग उजवीकडे. चौथ्या पावलाला ते माझ्यावर आदळले. कपाळ माझ्या तिसऱ्या फळीच्या कडेला लागलं. लोखंडच मी, मला मऊ होता येत नाही. मोजपट्टी हसून म्हणाली, "अहो बाबा, एवढा आनंद!" बाबाही हसले आणि माझ्या कडेवर हात ठेवून चाचपत चाचपत काउंटरपाशी गेले.

तेवढ्यात शेजारच्या शिवणवाल्या बाई आल्या. रोजचं गिऱ्हाईक. "अगंबाई, दुकान आहे की राजवाडा! भाऊ, डाळिंबी रीळ द्या बरं, काम अडलंय."

बाबांचा हात भिंतीकडे गेला. खण तोच होता, वर्षानुवर्षांचा. त्यांनी रीळ काढून पुढे केलं.

"अहो, हे हिरवं आहे."

"असं होय?" हात खालच्या खणात गेला. या वेळी राखाडी निघालं.

"भाऊ, थट्टा करताय होय माझी?"

"करतो कधी कधी," बाबा म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते. तिसऱ्यांदा त्यांनी पिवळं काढलं.

मोजपट्टी प्रकल्पासाठी 'नंतरचे' फोटो काढत होती. तिने फोन खाली केला. ती बाबांजवळ गेली, समोरचं एक रीळ उचललं आणि त्यांच्या डोळ्यांसमोर धरलं. "बाबा, हे कुठल्या रंगाचं आहे?"

बाबांनी ते रीळ हातात घेऊन बोटांनी चाचपलं.

"बाबा, मी विचारतेय."

"गिऱ्हाईक खोळंबलंय, पोरी. त्यांना आधी दे," बाबा म्हणाले.

बाई गेल्यावर त्यांनी सगळं सांगितलं. तीन वर्षं झाली होती. उजेड कळायचा, माणूस हललं की कळायचं, पण रंग आणि अक्षरं गेली होती. डॉक्टरांनी हात टेकले होते. "तुला बोललो असतो तर कॉलेज सोडून इथे येऊन बसली असतीस," बाबा म्हणाले. "दोनच वर्षांचा तर प्रश्न होता. माझ्या हातांना सगळं पाठ होतं. निभावलं असतं मी." ती खाली बसली आणि हमसून हमसून रडली. बाबा तिच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणत होते, "त्यात काय एवढं? लावू की परत."

त्याच दिवशी तिने सगळं परत लावायला घेतलं. आधीचे फोटो होते. पण फोटोत गडद निळं, काळं आणि जांभळं सगळं सारखंच दिसत होतं. तिने दुकानाची इंच न् इंच मोजमापं वहीत लिहिली होती, कुठल्या खणात कुठलं रीळ होतं हे मात्र लिहिलं नव्हतं. बाबांना विचारलं तर ते आठवू आठवू थकले. म्हणाले, "मला नाही गं माहीत. हाताला माहीत होतं." जमेल तसं लावलं. काउंटर जागेवर आला, मला कोपऱ्यात सरकवलं. दोनशेपैकी फार तर वीस खण चुकले असतील. पण कुठले वीस, ते कुणाला ठाऊक? बाबा हात उचलायचे आणि मधेच थांबवायचे. मग तिने प्रत्येक खणाच्या कडेला वेगवेगळं बटण चिकटवलं, म्हणजे हाताला खूण लागेल. बाबा म्हणाले, "हुशार आहेस हो." आणि शिकायलाही लागले.

ते शिकलेही असते. पण गिऱ्हाइकांना आता कळलं होतं. कुणी वाईट नव्हतं, मित्रांनो. उलट जास्तच गोड बोलायचे. फक्त बाबांनी रीळ दिलं की ते दारात, उजेडात नेऊन एकदा बघायचे. पावलं दारापर्यंत जातात, थांबतात आणि परत येतात, हे बाबांना ऐकू येत होतं. इतक्या वर्षांत त्यांच्या हातचं रीळ कुणी तपासून घेतलं नव्हतं. दहा दिवस त्यांनी ते सोसलं. अकराव्या दिवशी म्हणाले, "आज बरं नाही, तूच जा." त्यानंतर ते दुकानात आलेच नाहीत.

मोजपट्टीचा वर्गात पहिला नंबर आला. प्रमाणपत्र पाकिटातून बाहेरसुद्धा काढलं नाही तिने. ते माझ्या सगळ्यात वरच्या फळीवर, लेसच्या खोक्याखाली आहे. महिन्याभराने तिने मला परत मधोमध आणलं आणि रिळं रंगांच्या ओळीने लावली. आता अडवणारं कुणी नव्हतं. दुकान चालायला लागलं. रस्त्यापलीकडची माणसंसुद्धा येतात. ज्यासाठी शिकली ते झालं, पण बाबा घरी खुर्चीत बसून राहिले. न बोलता, न जेवता. तो काळ फार वाईट होता.

मग तिला एक युक्ती सुचली. एके दिवशी ती बाबांना म्हणाली की नवी बटणं सगळी एकत्र मिसळलेली येताहेत, निवडून देणारं कुणी नाही. बाबा म्हणाले, "आण इकडे." बटणं निवडायला रंगाची गरज नसते त्यांना. बोटाने जाडी, भोकं, कडा, सगळं कळतं. आता ती रोज सकाळी निवडलेल्या पुड्या घेऊन दुकानात येते, माझ्या खालच्या फळीवर एका परातीत सगळी ओतते, दोन्ही हातांनी कालवते आणि घरी पाठवायच्या पिशवीत भरते. नवा माल वगैरे काही येत नाही. तीच बटणं पुन्हा जातात. ते काम मिळाल्यापासून बाबा वेळेवर उठतात, दाढी करतात आणि दोन घास जेवतात.

मला त्या परातीचा आवाज ऐकवत नाही. ही पोर रोज, इतक्या मायेने, बापाचं निवडलेलं विस्कटते आणि मी बघत उभा राहतो. मी इथे मधोमध उभा आहे म्हणून हे सगळं झालं, असं मला वाटतं. मला कुणी आणलं, कुणी ठेवलं, ते खरं. पण त्यांचं कपाळ माझ्यावर आपटलं, ते मी कसं विसरू?

मित्रांनो, म्हणून सांगतो. घरातलं मोठं माणूस 'हात लावू नका' म्हणालं, तर लगेच हट्टी म्हणून मोकळे होऊ नका. त्याच्याजवळ जरा बसा आणि का म्हणून विचारा. एकदा टाळलं तर दुसऱ्यांदा विचारा. त्या खोट्या दुकानात सगळे गिऱ्हाईक होऊन चालले, दुकानदार होऊन एकदाही कुणी चाललं नाही, आणि ते माझ्याही कधी लक्षात आलं नाही.

परवा शिवणवाल्या बाई बाबांना भेटून आल्या. मोजपट्टी फळी पुसत होती. बाई म्हणाल्या, "भाऊंनी तुला निरोप दिलाय गं. म्हणाले, कोटाच्या एका बटणाची कड तुटलीय, ती बोटाला लागते. तेवढं एक काढून टाकायला सांगा पोरीला. म्हणाले, रोज तेच येतंय."

मोजपट्टीच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. "आणखी काय म्हणाले?"

"काही नाही. म्हणाले, बाकीची पाठवत राहा."