एकोणीस, तीस, एकवीस

"सर, डबा न उघडता आत काय हाय, ते सांगता येते का?"

टेबलावरचा पितळी डबा, कडेला पोचा पडलेला, झाकणावर उन्हाचा एक ठिपका – विचारताना जमनी त्या ठिपक्याकडेच बघत राहिली होती, कारण प्रश्न तिचा नव्हताच. तुळसानं पैज लावली होती: पुंडलिकराव सरांना त्यांच्या जेवणाच्या डब्याबद्दल विचारून दाखव, तर तू खरी! वर्ग खिदळला. सर मात्र हसले नाहीत. डबा त्यांनी उचलला, कानाशी हलवला आणि म्हणाले, "येतं. बाहेरून धक्का द्यायचा, तो काय करतो ते मोजायचं. पुन्हा धक्का, पुन्हा मोजायचं. आतलं आपोआप बोलायला लागतं." तुळसाचं हसू तिथंच विरलं, आणि जमनी त्याच संध्याकाळपासून जी मोजायला लागली ती आज पंधरा दिवस झाले तरी...

आता तिच्या तळहातावर शिशाचा तुटका शिक्का होता. बोराएवढा, गार. कापसाच्या जिनाच्या इंजिनघरात सरकीच्या पोत्यावर बसून ती तो या हातातून त्या हातात घेत होती. इंजिनाच्या अंगाला करड्या रंगाचा गव्हर्नरचा डबा होता – ओझं वाढलं की इंजिनाला जास्त तेल पाजायचं, घटलं की कमी, एवढंच त्याचं काम – आणि त्याला कंपनीचा शिक्का, म्हणजे तिच्या बानं, भावसिंगनंही, इंजिनावर सहा वर्षं काढून तो कधी उघडलेला नव्हता. पलीकडच्या शेडमध्ये सरकी काढायच्या रेच्यांवर कापूस घालणाऱ्या बायांमध्ये तिची याडी, म्हणजे आई, भुरीबाई. बायांनी सगळे रेचे एकदम भरले की इंजिन कण्हायचं, मग उधळायचं, मग पुन्हा कण्हायचं. अंगात आल्यासारखं. मालक म्हणे, इंजिन म्हातारं झालं. बा म्हणे, नजर लागली. आणि जमनी – ती शाळा सुटली की वही घेऊन इथं बसायची. खिडकीतून हापिसातलं लंबकाचं घड्याळ दिसायचं. त्याच्या दर दहा हेलकाव्यांत इंजिनाचे ठोके किती? एरवी पंचवीस. ओझं पडलं की एकोणीस. मग तीस. मग एकवीस, एकोणतीस, बावीस... किती सुंदर दिसत होते ते आकडे, खाली-वर, खाली-वर, जणू न दिसणारं कुणीतरी झोक्यावर बसलंय! पंधरा दिवसांत तिनं ठरवूनच टाकलं. आत स्प्रिंग आहे, वजन आहे, आणि झोका धरून ठेवणारं जे घट्ट तेल असतं ते कमी झालंय.

"तेल कमी निंघालं," बा म्हणाला होता, "तं तुह्या गणिताच्या फॉर्मवर सही. नाही निंघालं तं तुही आत्या बिजलीबाई म्हनते तसं, शिवनटिपनाचा विषय घ्यायचा. कबूल?" घरात बंजाऱ्यांची गोरमाटी बोली, पण इंजिनाचं बोलणं बा नेहमी मराठीतच करायचा, आणि त्या दिवशी त्यानं तिच्याशी मराठीत बोलणं केलं म्हणून ती इतकी फुगली, की कबूल म्हणताना तिनं विचारही केला नाही.

आज दुपारी अकोल्याचा मिस्त्री आला. आधी इंजिन चालवून पाहिलं, मग शिक्का तोडला, डबा उघडला. तेल रेघेपर्यंत काठोकाठ.

"कोन म्हनलं बे, तेल कमी हाय?"

"माही पोरगी," बा म्हणाला आणि हसला. मिस्त्रीही हसला. त्यात दुष्टपणा नव्हता, हेच तर... शाळेत विषय निवडायचा फॉर्म उद्या द्यायचा होता. रडायचं नाही, जमने. मोज काहीतरी.

सवयीनं तिनं वही उघडली. दुपारचेही आकडे होते, डबा उघडायच्या आधीचे; बायांनी तेवढेच रेचे भरले होते. एकवीस, पंचवीस, पंचवीस. बस्स. एकदा कण्हलं आणि शहाण्यासारखं उभं राहिलं. तेच इंजिन, तोच डबा, कुणी हात लावला नव्हता...

हात.

मिस्त्री आला तेव्हा बा कसा उभा होता? दोन्ही हात छातीशी बांधून, अदबीनं.

तेवढ्यात पलीकडे दिवस मावळायच्या आतला शेवटचा कापूस पडला, इंजिन कण्हलं, आणि या वेळी जमनीनं घड्याळाकडे पाहिलं नाही, बाकडे पाहिलं. त्याचं लक्ष दाराबाहेर होतं. पण हात – तो आपला आपण इंजिनाला तेल सोडणाऱ्या दांड्याकडे गेला आणि दांडा थोडा वर उचलला. इंजिन उधळलं, हातानं दांडा दाबला. कण्हलं, उचलला. बाला पत्ताही नव्हता! आजा लदेणीचा, बैलांच्या पाठीवर मीठ घालून घाट चढणारा. बा सांगायचा, चढावर बैल कण्हला की गोणीला खालून हात द्यायचा, नाहीतर बैल बसतो. तो हात आजाकडून बाकडे आला होता. डबा आपल्या परीनं तेल देत होता, बा आपल्या परीनं, आणि दोघं मिळून जास्त, मग दोघं मिळून कमी... म्हणजे पंधरा दिवस मी डबा मोजतच नव्हते. मी डबा आणि बा मिळून मोजत होते, आणि दोष एकट्या डब्यावर लिहीत होते.

भुरीबाई पदराला चिकटलेला कापूस वेचत आत आली, भाकरीचं फडकं सोडू लागली. जमनीनं हळूच विचारलं, "याडी, बाचा हात..."

"त्याचा हात कधी जाग्यावर ऱ्हायते? झोपेतबी चाळवते."

"तुले ठाऊक होतं? मंग सांगतलं काहून नाही?"

"तू मले इचारलं कुठी? तू तं घड्याळाले इचारून राह्यली होती." आणि याडी हसली, कांदा बुक्कीनं फोडत.

जमनीला राग यायला हवा होता. आला नाही. उलट आत काहीतरी लख्ख झालं – चुकले तर चुकले, पण कुठे चुकले ते मीच शोधलं, अकोल्याच्या मिस्त्रीनं नाही. गेले पंधरा दिवस ती घरातही मोजूनच बोलायची: आधी हलकेच एक वाक्य ढकलायचं, बाचा चेहरा बघायचा, याडीचा बघायचा, मग पुढचं. आणि बा हो म्हणाला तर तो बाचा हो की त्याखाली याडीनं दिलेला हात, हे तिला कधी कळलं होतं का? कळणार होतं का?

इंजिन थांबलं. घड्याळाचा लंबक एकटाच हलत राहिला. तिनं तो मोजला नाही. वही मिटली, तुटका शिक्का बाच्या समोर फडक्यावर ठेवला.

"बा, याडी, आयका. तेल कमी नव्हतं, मी हरली. पन इंजिन डोलते ते तुह्या हातानं, बा. उद्या तू हात बांधून उभा राह्य, मी तुह्या समोर मोजून दाखवीन. आन् तू सही कर नाहीतं नको करू – फॉर्मवर मी गणितच लिहिणार हाय."